सूर्यफुलांची भिंत

भिंतीपलीकडे सुनेचा आवाज मधेच तुटला आणि म्हाताऱ्याची हातोडी वरच्या वर थांबली.

"हॅलो?... हॅलो, माझा आवाज येतोय का आपल्याला?... हॅलो?"

मग खुर्ची करकरली. मग नुसती शांतता.

"गेली वाटतं लाइन," दारात धान्य निवडत बसलेली म्हातारी म्हणाली.

"गेली."

"तुमच्या ठोकाठोकीनं तर जात नसेल?"

"ठोकण्यानं कशी जाईल? ती काय चिमणी आहे, आवाज झाला की उडायला?"

"चिमणी मी आहे," ओट्यावरून नात ओरडली. तिला सगळे चिमणीच म्हणत, त्यामुळे कुठल्याही चिमणीचं नाव निघालं की ती ते आपल्यावर घ्यायची.

म्हातारा हसला नाही. बादली उलटी करून त्याने गुडघ्यांत धरली होती, तिला नवीन बूड बसवायचं होतं. काठ अर्धा दुमडून झाला होता. पण पलीकडून आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत त्याचा हात चालेना. पत्रा उन्हाने तापला होता, गुडघ्याला चटका बसत होता, तरी तो तसाच बसून राहिला.

घर दोन खोल्यांचं. पुढची खोली म्हणजे दुकान, तिथेच म्हातारा-म्हातारी निजत. मागची सुनेची आणि नातीची. स्वयंपाक बाजूच्या पडवीत. दोन खोल्यांच्या मध्ये पत्र्याची भिंत होती, आणि त्या भिंतीत पत्र्याचंच दार. सून सकाळी दार लावून आत बसायची आणि दिवसभर लॅपटॉपवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. कुणाचं कपडे धुण्याचं यंत्र मधेच रुसून बसे, कुणाच्या फ्रिजमधून पाणी गळे. कंपनी कुठे, ती माणसं कुठे, आणि ही इथे, पत्रेवाल्याच्या मागच्या खोलीत. स्वतःचे कपडे ती दगडावरच धुवायची, पण यंत्राचं कुठलं बटण कुठे असतं ते तिला पाठ होतं.

त्या कामातलं एक वाक्य सगळ्या घराला पाठ झालं होतं. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत." चिमणीने पाणी सांडलं की ती हात जोडून तेच म्हणायची. भाजीत मीठ जास्त पडलं तर म्हातारीही म्हणायची, फक्त तिला ते सगळं वाक्य एका दमात जमायचं नाही. भिंतीतून ते गोड ऐकू यायचं. इतकं गोड की म्हाताऱ्याला वाटे, पोरीचा जीव या कामात रमलाय. बरं झालं. काहीतरी तिला रमवायला हवंच होतं.

डब्याचं बूड गळतं म्हणून दूधवाला आला, तोही आवाज ऐकून थबकला. गावात म्हाताऱ्याला लहानपणापासून ठोक्या म्हणत. दूधवाला त्याच्याच वयाचा.

"काय रे ठोक्या, तुझी सून दिवसभर कुणाची माफी मागते?"

"ज्यांचं बिघडलंय त्यांची."

"आणि बिघडवलं कुणी?"

"कंपनीनं."

"मग माफी हिनं का मागायची?"

म्हाताऱ्याने डबा उजेडाकडे धरून भोक शोधलं. "तू दुधात पाणी घालतोस, त्याची माफी तुझी म्हैस मागते का? चल, उद्या ने डबा."

दूधवाला हसत गेला. पण त्याचं बोलणं म्हाताऱ्याच्या मनात पत्र्याच्या कोरेसारखं रुतून राहिलं.

संध्याकाळी सून बाहेर आली ती तोंड धुवायच्या आधी सासूजवळ बसली. सासूला ती आत्या म्हणे, सासऱ्याला मामा.

"आत्या, आज पुन्हा कंपनीतल्या वरच्या बाईचा फोन होता. म्हणाली, तुमची लाइन अशीच तुटत राहिली तर घरून काम बंद. शहरात ऑफिसात येऊन बसा. सोमवारपर्यंत बघणार आहे."

"शहरात म्हणजे? रोज जाऊन-येऊन?"

"रोज कसं जमेल? खोली घ्यावी लागेल तिथे."

"आणि चिमणी?"

सुनेने खाली पाहिलं. चिमणी तिच्या ओच्याला धरून उभी होती. तेच उत्तर होतं.

म्हाताऱ्याने पत्रा कापायची कातर उगीचच पुसायला घेतली. पुसून झाली तरी पुसत राहिला. मुलगा गेल्यापासून त्या घरात मोठ्याने बोलणारी एकच होती, ती चिमणी. तीही गेली तर उरायचं काय? दोन म्हातारी माणसं आणि एक हातोडी.

*

नेटवाला दुसऱ्या दिवशी आला. उंच, बडबड्या, कमरेला पक्कड लटकवलेला. छपरावरच्या खांबाला त्यानेच एक थाळी लावली होती. टेकडीवरच्या मनोऱ्याकडून ती नेट पकडायची, तिथून वायरीने ते पुढच्या खोलीतल्या फळीवरच्या पांढऱ्या यंत्रात यायचं, आणि तिथून पुढे वायरीशिवाय, हवेतून, लॅपटॉपमध्ये.

त्याने यंत्र बंद केलं, थोडं थांबून चालू केलं. यंत्रावरचे हिरवे दिवे एकेक करून लागले.

"इथवर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बाबा, लोक उगाच घाबरतात. निम्मी दुखणी बंद-चालू केलं की पळतात."

"माणसाचंही तसं असतं तर बरं झालं असतं," म्हातारी पुटपुटली.

लॅपटॉप पुढच्या खोलीत आणून बघितला. इथे सगळ्या रेघा भरलेल्या. मग नेटवाला लॅपटॉप हातावर तोलून मागच्या खोलीत गेला. दार लोटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लोटलं. म्हातारा दारात उभा राहून बघत होता. नेटवाल्याने तळहात भिंतीवर ठेवला, बोटांनी ठक ठक केलं.

"ही भिंत—"

"दादा," सून घाईने म्हणाली, "जरा बाहेर या ना. छपरावरची वायर दाखवायची होती तुम्हाला."

दोघं मागच्या दाराने बाहेर गेले. म्हाताऱ्याला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. सून काहीतरी सांगत होती, नेटवाला मान खाली घालून ऐकत होता, एकदा त्याने घराकडे वळून पाहिलं. परत आला तेव्हा त्याची बडबड कमी झाली होती.

"लॅपटॉपातच खोट आहे, बाबा. जुना झालाय. आतला पकडणारा भाग कमजोर पडलाय. मी सोमवारी येतो, काहीतरी करतो."

"सोमवारीच मुदत आहे."

"सकाळी लवकर येतो. सामान शहरातून यायचंय, नाहीतर आजच केलं असतं."

चहा पिताना म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "वरची ती थाळी कशाची असते रे?"

"पत्र्याचीच की. लाटा त्याच्यावर आपटतात आणि एका जागी गोळा होतात. आरसा म्हणा ना."

पत्र्याचीच, हे ऐकून म्हाताऱ्याच्या अंगात बळ आलं. इतके दिवस हे सगळं परक्या मुलखातलं होतं. आता ते त्याच्या हातातल्या वस्तूपाशी येऊन उभं राहिलं.

*

त्याने नवा कोरा पत्रा काढला. गिऱ्हाइकासाठी ठेवलेला होता, तरी काढला. यंत्राच्या मागे आणि दोन्ही बाजूंनी वळेल असा अर्धगोल कापला, कडा दुमडल्या, तोंड मागच्या खोलीकडे येईल असा फळीवर बसवला. एकही खिळा मारला नाही. लांबून बघितलं तर जुन्या कंदिलामागे आरसा असायचा तसं दिसत होतं.

"आता लाइन हिच्याकडेच जाईल," तो म्हातारीला म्हणाला. "इकडेतिकडे सांडायचीच नाही."

"पाण्यासारखं बोलताय."

"सगळं पाण्यासारखंच असतं. वाट करून दिली की जातं."

सून आत बसली, दार लागलं. ते पाठ झालेलं वाक्य एकदा ऐकू आलं, दुसऱ्यांदा ऐकू आलं. म्हाताऱ्याने म्हातारीकडे बघून भुवया उडवल्या. मग त्याला वाटलं, तोंड अजून थोडं आवळलं तर जोर वाढेल. नळीचं तोंड दाबलं की धार लांब जाते, तसं. त्याने दोन्ही कडा हाताने जवळ ओढल्या. पत्रा यंत्राभोवती जवळजवळ मिटला.

पलीकडून "हॅलो? हॅलो?" सुरू झालं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. मग तिच्या मोबाइलची घंटी वाजली, आणि म्हाताऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सुनेचा तो आवाज ऐकला.

"हो मॅडम... नाही मॅडम, मी जागेवरच होते... नाही, खोटं नाही बोलत... मुलगी शाळेत आहे मॅडम, मी घरकाम करत नव्हते... हो. समजलं. शेवटची वेळ. हो."

म्हातारा उठला आणि तो अर्धगोल पत्रा त्याने यंत्रामागून ओढून काढला. ओढताना तळव्याला कोर लागली, रक्त आलं. दिवे हिरवेच होते, आधीही हिरवेच होते. पत्रा निघाल्यावर जरा वेळाने पलीकडे पुन्हा बोलणं सुरू झालं.

तो रक्त चोखत तिथेच उभा राहिला. पत्रा लावला तर गेली. काढला तर आली. पत्रा वाट करून देत नव्हता. पत्रा अडवत होता.

तळव्याला चिंधी बांधून त्याने म्हातारीचा मोबाइल मागितला.

"कुणाला लावताय?"

"कुणाला नाही. दे."

पिठाचा रिकामा डबा त्याने पुढ्यात ओढला. मोबाइल आत ठेवला, झाकण घट्ट बसवलं. मग ओट्यावर आला आणि शाळेतून नुकत्याच आलेल्या चिमणीला म्हणाला, "तुझ्या आईचा मोबाइल घेऊन ये. आजीला फोन लाव बघू."

चिमणीने लावला. कानाला धरला. "आजोबा, ती बाई म्हणते लागत नाही."

त्याने झाकण काढलं. "आता लाव."

डब्यात मोबाइल खणखणत नाचायला लागला. चिमणी टाळ्या वाजवून हसली. "पुन्हा! पुन्हा करा!"

म्हाताऱ्याने पुन्हा केलं नाही. डब्याच्या कडेला दोन्ही हात टेकून तो आत बघत बसला, जणू मोबाइलच्या खाली अजून काही असेल.

मग त्याने मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

*

ती भिंत मुलाने बांधली होती, लग्नाच्या वर्षी. बाप दिवसभर ठोकत बसतो आणि नवी नवरी मागच्या खोलीत डोकं धरून बसते, म्हणून. तेलाचे रिकामे डबे त्याने कुठून कुठून गोळा केले, फोडून सपाट केले. दुहेरी भिंत केली आणि मध्ये गोणपाट भरला, आवाज मरावा म्हणून. घडीत घडी अडकवून एकेक पत्रा जोडत नेला, पार छपरापर्यंत. खिळा फक्त चौकटीला. बाप म्हणाला होता, "भिंत करतोस की टोपली विणतोस?" डब्यांवर सूर्यफुलांचं चित्र होतं. ती छापील बाजू मुलाने आतल्या अंगाला घेतली. दुकानाकडून भिंत नुसती राखाडी पत्रा दिसे. सुनेच्या खोलीतून बघितलं तर खालपासून वरपर्यंत सूर्यफुलं.

मुलाची एक खोड होती. घडी बसवताना तो एक ठोका जोराचा मारायचा आणि मागोमाग दुसरा हलकाच, उगीचच. बाप चिडायचा. "दुसऱ्या ठोक्यानं काय होतं? हात दमतो फक्त." मुलगा म्हणायचा, "पहिल्यानं बसते, दुसऱ्यानं झोपते."

तो गेला मागच्या वाऱ्याच्या दिवसांत. गोदामाच्या छपरावर पत्रे चढवत होता. वाऱ्याने पत्रा उचलला आणि पत्र्यासकट त्याला. लोक म्हणाले, सोडून दिला असता तर वाचला असता. म्हातारा ऐकून घ्यायचा. पत्रा हातातून सुटू द्यायचा नसतो, खाली माणसं असतात, हे त्यानेच पोराला शिकवलं होतं.

*

रविवारी सून सकाळीच निघाली. वरच्या बाईने भेटायला बोलावलं होतं. "आणि मैत्रिणीनं एक खोली बघून ठेवलीये," ती चप्पल घालता घालता म्हणाली. "नुसती बघून येते, आत्या. घेईनच असं नाही."

"मी पण खोली बघणार," चिमणी म्हणाली.

म्हातारा ओट्यापर्यंत गेला. दोघी वळणाआड गेल्या तसा तो आत आला आणि पक्कड, पटाशी, लहान हातोडी काढून भिंतीपाशी मांडू लागला.

म्हातारीने बघितलं. आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हातातलं टाकून धावली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"हात लावायचा नाही."

"बाजूला हो."

"त्याच्या हातचं एवढंच राहिलंय घरात."

"मला माहीत नाही का?"

"मग?"

"लाइन ही अडवते आहे. लॅपटॉप नाही. मी बघितलंय." त्याने पटाशी उचलली. "ही राहिली तर पोरगी जाते. तूच सांग कुठलं ठेवू."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. पाठीमागचा पत्रा तिच्या हुंदक्यांनी हलका कुरकुरत होता. मग ती बाजूला झाली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "एकट्यानं नाही निघायची. खालून मी धरते."

वरून सुरुवात केली. आधी दुकानाकडचा थर. म्हातारा स्टुलावर, पटाशीचं टोक घडीत घालून तो एकेक जोड उलगडत होता. पोराने घड्या अशा बसवल्या होत्या की पटाशीला फट सापडेना. घामाने डोळे चुरचुरले. कापलेला तळवा पुन्हा उघडला, चिंधी ओली झाली. प्रत्येक घडीवर दोन खुणा होत्या, एक खोल आणि तिच्या शेजारी एक पुसट. आधी त्याचं लक्ष गेलं नाही. मग गेलं, आणि मग त्याला दुसरं काही दिसेना. खोल, पुसट. खोल, पुसट. सगळ्या भिंतभर.

गोणपाट निघाला तशी धूळ उडाली, दोघं खोकू लागली. मग आतला थर, सूर्यफुलांच्या उलट्या पाठी. म्हातारी खालून पत्रा झेलून भुईवर ठेवायची, चित्र वर करून. दुपारपर्यंत अर्धी भुई पिवळी झाली.

"पुन्हा लावता येईल ना?" तिने विचारलं. "कधीतरी? दुसरीकडे कुठे?"

म्हाताऱ्याच्या हातात एक पत्रा होता. उलगडलेली कड त्याने बोटांनी परत दुमडून बघितली. पातळ, जुना पत्रा. कड शिस्तीत वाकली आणि रेघेवर तुटून त्याच्या बोटांत आली.

"नाही," तो म्हणाला.

शेवटी चौकट उपसली. घराच्या मधून वारा सरळ आरपार गेला. मागच्या खोलीतलं टेबल, खुर्ची, चिमणीचं दप्तर, दोरीवर वाळत घातलेला सुनेचा परकर, सगळं दुकानातून उघडं दिसू लागलं. म्हातारीने घाईने परकर काढून घडी घातला.

सून तिन्हीसांजेच्या आधी परतली. चिमणी पुढे धावत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"आमची फुलं कुठायत?"

सून उंबऱ्यावर उभी होती. तिची नजर भुईवरून छपरापर्यंत गेली, छपराला चौकटीच्या खिळ्यांची भोकं होती, तिथे थांबली.

"लॅपटॉप लाव," म्हातारा म्हणाला. तो कोपऱ्यात हात मांडीखाली लपवून बसला होता. "लावून बघ आधी."

तिने लावला. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा पांढरा दिसला.

"आल्या का रेघा?"

"आल्या, मामा."

"सगळ्या?"

"सगळ्या." ती त्याच्याकडे बघून हसली. ते हसू म्हाताऱ्याला थोडं मोठं वाटलं, पण दमलेली असेल म्हणून त्याने सोडून दिलं.

"खोली कशी होती?" म्हातारीने विचारलं.

"बघितलीच नाही शेवटी. बाईंना भेटले आणि आले. सोमवारी सगळं ठीक होईल म्हणून सांगून आले."

सोमवारी ठीक होईल हे तिला आधीच कसं ठाऊक, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

*

सोमवारी सून वेळेवर बसली. म्हाताऱ्याने हातोडीला हात लावला नाही. आता मधे काही नव्हतं, इथला ठोका थेट त्या गिऱ्हाइकाच्या कानात गेला असता. तो बादली मांडीवर घेऊन नुसता बसला.

आणि पहिल्यांदाच त्याने सुनेला काम करताना पाहिलं.

आवाज तोच होता, गोड, हसरा. "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" पण तोंड हसत नव्हतं. डोळे समोर खिळलेले, खांदे ओढलेले, एका हाताने ती टेबलाची कड घट्ट धरून होती. पलीकडचा माणूस ओरडत असावा, कारण मधेमधे तिच्या पापण्या अंगावर पाणी उडाल्यासारख्या मिटत होत्या. आवाज मात्र तसाच चालू. म्हातारा वर्षभर भिंतीआडून तो ऐकत आला होता आणि पोरगी रमली म्हणत आला होता.

त्याने नजर वळवली, तोच ओट्यावरून हाक आली.

"बाबा, आलो बघा सांगितल्याप्रमाणे!" नेटवाला होता. खांद्यावर काळ्या वायरीचं भेंडोळं. आत पाऊल टाकलं आणि तो जागीच थबकला. "अरे! भिंत कुठे गेली?"

"काढली," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "अडवत होती. लाइन आता झकास आहे."

नेटवाल्याने भेंडोळं खाली ठेवलं. सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको, नको. पण तो बोलून गेला होता.

"अहो पण वहिनींशी ठरलं होतं ना माझं. वायर छपरावरून फिरवून मागच्या खोलीत न्यायची, यंत्र तिथेच ठेवायचं. भिंतीला बोट लावायचं नव्हतं. त्याच म्हणाल्या, मामांना भिंतीचं बोलू नका, लॅपटॉपचं सांगा. म्हणून तर मी..."

त्याचं वाक्य विरून गेलं.

म्हातारीच्या हातातलं सूप कलतं झालं, दाणे भुईवर ओघळले. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. त्याची बोटं बादलीच्या काठावरून फिरत होती, फिरत होती.

सून उठू शकत नव्हती. कानावर हेडफोन होता, पलीकडे कुणी संतापलेलं होतं, आणि ही शेवटची वेळ होती. तिने टेबलाची कड सोडली. म्हाताऱ्याकडे तोंड केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिने हात उचलला नाही. आणि त्याच गोड, ठरावीक आवाजात ती एकेक शब्द म्हणाली,

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल... आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

पलीकडचं गिऱ्हाईक बहुधा निवलं असावं. ती "धन्यवाद" म्हणाली, बटण दाबलं, आणि धावत येऊन सासऱ्यासमोर भुईवर बसली.

"मामा, मी सांगायला हवं होतं. त्यांनी केलेल्या भिंतीत खोट आहे, हे तुमच्यासमोर माझ्या तोंडातून निघेना."

म्हाताऱ्याने चिंधी बांधलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. तिथेच राहू दिला.

"खोट नव्हती गं," तो म्हणाला. "चांगली बांधली होती. तीच तर..." त्याने हात उचलला. "जा. वाजतंय तुझं."

खरंच टेबलावर घंटी वाजत होती. ती तोंड पुसत गेली.

नेटवाल्याने वायरीचं भेंडोळं पुन्हा खांद्यावर घेतलं. चहाला थांबला नाही. जाताना त्याने भुईवरचे पत्रे पायाखाली येऊ नयेत म्हणून कडेकडेने पाऊल टाकलं.

*

पत्रे म्हातारीने पुसून खाटेखाली लावून ठेवले. दूधवाल्याला त्यातला एक डब्याच्या बुडाला हवा होता, म्हाताऱ्याने दिला नाही. मधे दोरी बांधून चादर सोडली, पण चादर आवाज अडवत नाही. म्हणून मग एक रीत ठरली. दोन फोनांच्या मधे सवड मिळाली की सून पेनाने टेबलावर ठक करते. तेवढ्यात म्हातारा ठोकून घेतो. दोनदा ठक झालं की थांबतो. बादलीला आता फार वेळ लागतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात.

उकाड्याच्या दिवसांत सुनेला चादर बाजूला सारावी लागते, नाहीतर आत जीव गुदमरतो. त्या दिवसांत म्हातारा आपलं बसायचं लाकूड फिरवून घेतो आणि तिच्याकडे पाठ करून बसतो. उजेड चुकीच्या अंगाला येतो, कातर रेघ सोडून जाते, म्हातारी ओरडते. तो वळत नाही. पोरीला तोंड लपवायला एवढा तरी आडोसा.

अशाच एका दुपारी मागून पेनाचा ठक आला. काठ दुमडून तयार होता. म्हाताऱ्याने हातोडी उचलली आणि घडीवर जोराचा ठोका घातला. घडी बसली. दुसऱ्या घडीकडे जायला वेळ थोडा होता, ठक-ठक कधीही आलं असतं.

तरी त्याचा हात तिथेच थांबला. आणि त्याच जागी, अगदी हलकाच, त्याने दुसरा ठोका मारला.

मागे खुर्ची करकरली, सुनेने तोंड इकडे वळवलं असावं. पेनाचं ठक-ठक बराच वेळ आलं नाही.